अर्ध्या डोक्याचा हिशेब

आमच्या घराण्यांत पिढीजात म्हणून तीन वस्तु आमच्या वांट्यास आल्या: तीर्थरूपांचें पुस्तकांचें कपाट, आजोबांचा पितळी अडकित्ता आणि मातोश्रींची अर्धशिशी. पैकीं कपाटाला वाळवीनें गांठलें. आम्हीं सुपारी सोडल्यापासून अडकित्ता फडताळांत पडून आहे. अर्धशिशी मात्र आज चाळीस वर्षें आमच्याजवळ अखंड नांदत आहे. दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर ती प्रथम आली, आणि आतां आम्हीं छप्पन्नावें वर्ष गांठलें तरी तिचें येणें-जाणें थांबलेलें नाहीं. इतक्या दीर्घ सहवासानंतर तिच्याविषयीं दोन शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस आला आहे, असें आम्ही समजतों. परंतु आज लिहावयाचें आहे तें तिच्याविषयीं तितकें नव्हे, जितकें तिच्यावरील औषधांविषयीं. दुखणें आपण निवडीत नाहीं. तें येतें आणि आपण सोसतों. औषध मात्र निवडावें लागतें, आणि निवड म्हटली कीं जबाबदारी आली.

ज्यांना ही बया कधीं भेटली नाहीं, अशा भाग्यवंतांची समजूत असते कीं, अर्धशिशी म्हणजे अर्ध्या डोक्याचें दुखणें, अर्थात् साध्या डोकेदुखीच्या निम्में! हिशेबाला हें बिनतोड आहे. अनुभवाला पटत नाहीं. आमच्या बाबतींत तिचें आगमन मोठ्या थाटानें होतें. प्रथम उजव्या डोळ्याच्या कोंपऱ्यांत एक चकचकीत ठिपका दिसूं लागतो. तो वाढतां वाढतां त्याची एक कांगोरेदार, लुकलुकणारी रेघ बनते, आणि वाचीत असलेल्या ओळींतील मधलेच शब्द नाहींसे होतात. इंग्लंडांतील ह्यूबर्ट एअरी नांवाच्या डॉक्टरानें स्वतःला दिसणाऱ्या या आकृतीचीं चित्रें १८७० सालीं प्रसिद्ध केलीं. त्याला तींत तटबंदीच्या शहराचा आकार दिसला होता. आमची तटबंदी वीस-पंचवीस मिनिटांनीं विरते आणि मग आंतील सैन्य बाहेर पडतें. डोक्याच्या एका बाजूस हातोडे बसूं लागतात. उजेड, आवाज आणि फोडणीचा वास हे तिघेही शत्रुपक्षाला सामील होतात. पोट ढवळून येतें. आणि घटकेपूर्वीं वर्गापुढें शोकांतिकेचें विवेचन करणारा प्राध्यापक दारें-खिडक्या लावून, कपाळाला फडकें आवळून, अंधारांत पालथा पडतो.

नांव ठेवणाऱ्यांनीं मात्र या 'अर्ध्या'ची नोंद सर्वत्र घेतली आहे. आपल्याकडील चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत या रोगास 'अर्धावभेदक' असें म्हटलें आहे. ग्रीक वैद्यांनीं त्यास 'हेमिक्रेनिया', म्हणजे 'अर्धी कवटी', असें नांव दिलें. तोच शब्द फ्रेंचांच्या तोंडीं झिजून 'मायग्रेन' झाला आणि इंग्रजींतून आमच्या औषधांच्या चिठ्ठीवर येऊन बसला.

लहानपणीं आमच्यावर झालेले उपचार निरुपद्रवी होते. मातोश्री सहाणेवर सुंठ उगाळून तिचा लेप कपाळावर देत. तो वाळूं लागला कीं कातडी अशी चुरचुरे कीं, आंतील वेदनेचा क्षणभर विसर पडे. आजीचा विश्वास साजूक तुपावर. रात्रीं निजतांना नाकांत दोन दोन थेंब घातल्याशिवाय ती आम्हांस सोडीत नसे. आणि शेजारच्या काकूंचा हुकमी उपाय म्हणजे सूर्योदयापूर्वीं दूध-जिलबी. या शेवटच्या उपायाचा दुष्परिणाम म्हणावा तर एवढाच झाला कीं, आठ दिवसांत आमच्या धाकट्या बंधूंचेंही डोकें पहाटेस दुखूं लागलें. या उपायांनीं अर्धशिशी गेली नाहीं. पण कोणाचें तरी मायेचें बोट कपाळावर फिरलें, ही मिळकत कांहीं लहान नव्हे.

पुढें आम्ही मिळवते झालों आणि उपचार स्वतःच्या हातीं आला. गल्लीच्या तोंडाशीं औषधांचें दुकान होतें. तेथें 'डोक्याची गोळी' एवढें म्हटलें कीं एक पट्टी पुढें येई, आणि चिठ्ठी कोणी मागत नसे. तींत अर्गटाचें सत्त्व, कॅफीन आणि वेदनाशामक द्रव्य एकत्र कालवलेलें असे. या अर्गटाचा इतिहास आम्हीं फार उशिरां वाचला. राय नांवाच्या धान्यावर पडणारी ही एक बुरशी; मध्ययुगीन युरोपांत असल्या धान्याची भाकरी खाऊन हजारों माणसांचीं हातापायांचीं बोटें काळीं पडून झडलीं, आणि लोकांनीं त्या रोगास 'सेंट अँथनीचा अग्नि' असें नांव दिलें. त्याच बुरशींतून स्वित्झर्लंडमध्यें आर्थर स्टोल यानें १९१८ सालीं अर्गोटामीन वेगळें काढलें. रक्तवाहिन्या आवळण्याचा जो गुण अतिरेकानें बोटें झडवितो, तोच मापांत वापरला तर अर्धशिशी आवरतो. म्हणजे एकाच वस्तूचा एक बाजूस गुण आणि दुसऱ्या बाजूस दुर्गुण असा भेद नाहीं. गुण तोच, फक्त मात्रा आणि माणूस निराळा.

मात्रेचा हा धडा आम्हांस कोणीं शिकविला, तर आमच्याच एका जुन्या विद्यार्थिनीनें. अकरावी-बारावीला ती आमच्या इंग्रजीच्या वर्गांत पहिल्या बांकावर बसत असे. आज ती मेंदूच्या विकारांची डॉक्टर आहे. तिच्यापुढें जाऊन बसलों तेव्हां तिनें नाडी पाहिली नाहीं, प्रथम विचारलें, "सर, महिन्यांतून किती दिवस गोळी घेतां?" आम्हीं म्हटलें, "लागेल तेव्हां." ती हंसून म्हणाली, "वर्गांत रोज आमची हजेरी घेत होतां ना? तशी महिनाभर डोकेदुखीची आणि गोळीची हजेरी घ्या, मग या." आम्हीं वही केली. महिन्याच्या शेवटीं बेरीज आली: डोकेदुखीचे दिवस अकरा, आणि गोळीचे दिवस चौदा! उरलेल्या तीन दिवशीं गोळी केवळ भीतीपोटीं घेतलेली होती. तिनें समजावून सांगितलें कीं, साधी वेदनाशामक गोळी महिन्यांतून १५ किंवा अधिक दिवस, आणि असली मिश्र गोळी, अर्गट किंवा ट्रिप्टान १० किंवा अधिक दिवस, याप्रमाणें तीन महिन्यांहून जास्त काळ चालली तर ती गोळीच नवी डोकेदुखी उत्पन्न करूं लागते. रोगापेक्षां इलाज भयंकर ही म्हण आम्हीं अनेकदां वापरली होती. ती आपल्याच खिशांतील पट्टीला लागू पडेल, असें वाटलें नव्हतें. तिच्या देखरेखीखालीं ती पट्टी सोडली. पहिले पंधरा दिवस कसे गेले तें आमच्या घरच्या मंडळींनाच विचारावें.

यानंतर खरी निवड पुढें आली. वारंवार येणाऱ्या अर्धशिशीला येतांनाच अडविणारीं, रोज घ्यावयाचीं औषधें आहेत. गंमत अशी कीं, यांतील बहुतेक मूळचीं दुसऱ्याच रोगांचीं. प्रॉप्रॅनोलॉल हृदयाचें, तें हृदयरोग्यांना देतां देतां त्यांची अर्धशिशीही कमी झाल्याचें १९६६ सालीं डॉक्टरांच्या नजरेस आलें. अॅमिट्रिप्टिलीन मनाच्या उदासीनतेचें, टोपिरामेट अपस्माराचें, कँडेसार्टान रक्तदाबाचें. प्रत्येक जण आपल्या जुन्या घरच्या सवयी घेऊन येतो. पहिल्यानें नाडी मंदावते, हातपाय गार पडतात, आणि दमेकऱ्यास तें मुळींच चालत नाहीं. आम्हांस लहानपणीं दमा होता, तेव्हां तें नांव तेथल्या तेथें खोडलें गेलें. दुसऱ्यानें तोंडास कोरड पडते आणि सकाळच्या पहिल्या तासापर्यंत झोंप डोळ्यांवरून उतरत नाहीं. फ्लुनारिझीन आपल्याकडे पुष्कळ दिलें जातें. त्यानें सुस्ती येते, वजन वाढतें, कांहींचें मन खिन्न होतें, आणि उतारवयांत क्वचित् हातांना कंपही सुटतो. आम्हीं तें चार महिने घेतलें. डोकें थोडें बरें होतें. पण सहा किलो वजन वाढलें, आणि संध्याकाळीं विनाकारण वाईट वाटूं लागलें. शेवटीं तें सोडलें आणि टोपिरामेटची पाळी आली.

येथून पुढची हकीकत सांगावयास आम्हांस थोडें अवघड वाटतें. हें औषध अत्यंत गुणकारी ठरलें. पंचवीस मिलिग्रॅमपासून आठवड्या-आठवड्यानें वाढवीत शंभरावर नेलें, आणि हजेरीपटांत अकराचे तीन दिवस झाले! बोटांना मुंग्या येत, सोड्याची चव पार बिघडून गेली. पण तेवढ्याची कोण पर्वा करतो? आम्हीं भेटेल त्याला या औषधाची महती सांगूं लागलों. आणि एके दिवशीं 'हॅम्लेट' शिकवीत असतांना नायकाच्या जिवलग मित्राचें नांव घेण्याची वेळ आली. तीस वर्षें दरसाल घेतलेलें नांव! तोंड उघडलें, नांव आलें नाहीं. खडू हातांत, साठ मुलें समोर, आणि आमच्या डोक्यांत त्या नांवाच्या जागीं एक स्वच्छ पांढरी भिंत. दहा-बारा सेकंद गेले असतील. मग पुढच्या बांकावरील एक मुलगी अगदीं हलक्या आवाजांत म्हणाली, "होरेशिओ, सर." तिच्या स्वरांत उपहास असता तर आम्हांस बरें वाटलें असतें, तींत दया होती.

प्रथम आम्हीं वयाला दोष दिला. मग गोळीच्या खोक्यांतील तो घडीचा कागद उघडला. आयुष्यभर संहितांचें वाचन करणाऱ्या माणसानें हा कागद वाचूं नये, असें आमचें मत झालें आहे. कारण तो टीकाकारास सोडीत नाहीं. त्यांत शब्द न आठवणें हा दुष्परिणाम छापलेलाच होता. पण मनांत शंका आली कीं, हें औषधाचें काम कीं मनाचें? इटलींतील संशोधकांनीं २००९ सालीं अर्धशिशीच्या औषधांच्या अनेक चांचण्या पडताळून असें दाखविलें कीं, ज्यांना नुसती बनावट गोळी दिली होती, तेही त्या त्या खऱ्या औषधाच्याच तक्रारी सांगत. अपस्माराच्या औषधांच्या चांचणींत बनावट गोळीवाल्यांनाही विस्मरण झालें! धास्तीनें बाधा होते, ही गोष्ट आपल्या आजीबाईंना ठाऊक होतीच. आतां तिला आंकड्यांचें पाठबळ मिळालें. परंतु आमच्या बाबतींत कागद मागाहून उघडला होता आणि होरेशिओ आधींच पळाला होता. पुढें एक दिवस फडताळाकडे बोट दाखवून आम्हीं गृहिणीस म्हटलें, "तें... तें कातरायचें द्या." अडकित्ता हा शब्द, आजोबांची ती ठेव, तीही आमच्या हातून गेली होती.

आम्हीं निश्चय केला: औषध बंद. भीक नको पण कुत्रा आवर! ज्याचा चरितार्थ शब्दांवर आहे, त्यानें शब्द देऊन सुख विकत घेणें म्हणजे सुतारानें रंधा विकून लांकूड घेण्यासारखें आहे. डॉक्टरकडे जाण्यापूर्वीं आम्हीं एका कागदावर दोन रकाने आंखले: एकांत औषधाचा गुण, दुसऱ्यांत त्याचे दुष्परिणाम. बेरीज-वजाबाकी करून निकाल आमच्या बाजूनें लागला, तेव्हां तो कागद मोठ्या समाधानानें घरीं दाखविला. गृहिणीनें तो शांतपणें वाचला आणि म्हणाली, "अहो, यांत एक रकाना राहिलाय."

"कोणता?"

"दुखण्याच्या दुष्परिणामांचा. औषधाचे मांडलेत, दुखण्याचे कोण मांडणार?"

आम्ही गप्प बसलों. ती रागावून बोलत नव्हती, म्हणूनच ऐकणें भाग पडलें. म्हणाली, "ते तीन महिने तुम्ही अडकित्त्याला 'तें कातरायचें' म्हणालांत आणि मी हंसलें, हें खरं. पण त्या तीन महिन्यांत कुकरची शिट्टी झाली म्हणून या घरांत कोणी दचकलं नाहीं. आपली मुलगी चवड्यांवर चालायला कुणामुळें शिकली? माझ्या भावाच्या लग्नांत मी एकटी कां उभी होतें? आणि माझ्या तंबोऱ्याला गवसणी घातली, त्याला यंदा सतरा वर्षं झालीं." तंबोऱ्याचें आम्हांस खरोखरच भान नव्हतें. लग्न झालें तेव्हां ती पहाटे रियाज करीत असे. तो केव्हां थांबला? आम्हीं थांबविला नव्हता. कोणींच थांबविला नव्हता. एका वाईट सकाळीं तिनें आपण होऊन तंबोरा भिंतीशीं ठेवला, दुसऱ्या वाईट सकाळींही ठेवला, आणि पुढें चांगल्या सकाळींही तो तेथेंच राहिला. चाळीस वर्षें आम्हीं अर्धशिशी ही आमची एकट्याची मालमत्ता समजत होतों. तिचें व्याज घरांतील माणसें भरीत होतीं, हें आमच्या हिशेबांत कोठेंच नव्हतें.

म्हणून या वेळीं डॉक्टरकडे आम्ही दोघेंही गेलों. तिनें सारें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "सर, दुष्परिणाम नसलेलें औषध मजजवळ नाहीं. तुम्हांला काय गेलेलें चालेल आणि काय मुळींच चालणार नाहीं, एवढें दोघांनीं सांगा. मग आपण त्यांतून वाट काढूं." आम्हीं म्हटलें, शब्द नकोत जायला. गृहिणी म्हणाली, सकाळी नकोत जायला. आमचा रक्तदाब अलीकडे किंचित् वाढूं लागला होता, तें पाहून तिनें कँडेसार्टान सुचविलें. याचा अर्धशिशीवरील उपयोग नॉर्वेंतील एका चांचणींत २००३ सालीं दिसून आला आहे. एका गोळींत दोन कामें, आणि शब्दांना धक्का नाहीं. मूत्रपिंड आणि रक्तांतील पोटॅशियम यांची तपासणी करून टोपिरामेट हळूं हळूं उतरविलें आणि हें चढविलें. पहिल्या आठवड्यांत अंथरुणावरून उठतांना भोंवळ आली. उठण्यापूर्वीं क्षणभर कांठावर बसण्याची संवय लावून घेतली. त्याच्या जोडीला ठरल्या वेळीं निजणें, ठरल्या वेळीं जेवणें आणि एकादशीचा कडक उपास सोडणें. उपाशी पोट हें आमच्या अर्धशिशीचें आवडतें निमंत्रण, हें हजेरीपटानेंच दाखविलें. दोन महिन्यांनीं होरेशिओ परत आला. डोकेदुखीचे दिवस पांचावर स्थिरावले. तिनाचे पांच झाले, हा तोटा आम्हीं डोळे उघडे ठेवून पतकरला आहे, आणि या वेळीं त्यावर दोघांची सही आहे.

वाचकांस वाटेल, मग कँडेसार्टान हेंच उत्तम! तसें मुळींच नाहीं. आमच्या कन्येनें ही वंशपरंपरा पुढें चालविली आहे. ती आतां अठ्ठावीस वर्षांची, विवाहित आणि अपत्याची इच्छा धरून आहे. जें औषध बापाला मानवलें तें गर्भास अपायकारक म्हणून तिला वर्ज्य आहे. टोपिरामेटही नको, आणि व्हॅल्प्रोएट तर तिच्या वयाच्या स्त्रीस अर्धशिशीसाठीं देऊंच नये, असें जाणते सांगतात. तिनें तूर्त रायबोफ्लेविन हें जीवनसत्त्व धरलें आहे. बेल्जियममध्यें १९९८ सालीं ५५ रोग्यांवर झालेल्या चांचणींत रोज ४०० मिलिग्रॅम तीन महिने दिल्यावर निम्म्याहून अधिक रोग्यांचे झटके निम्म्यावर आले; उपद्रव म्हणाल तर मुख्यतः लघवी गर्द पिवळी होते. चांचणी लहान आहे आणि गुणही सावकाश येतो. पण तिला धीर आहे आणि धोका नको आहे. तिचा हिशेब तिच्यापुरता बरोबर आहे.

एका मोहापासून मात्र आम्हीं तिला सावध केलें. 'वनस्पतीचें आहे, म्हणजे अपाय नाहीं' असें समजणारी मंडळी आमच्या स्नेह्यांत पुष्कळ आहेत. बटरबर नांवाच्या वनस्पतीची अमेरिकेंतील मज्जारोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१२ सालीं शिफारस केली होती; यकृतास इजा होते असें दिसूं लागल्यावर २०१५ सालीं ती मागें घ्यावी लागली. उलट, नवें म्हणजे निर्दोष असेंही नव्हे. १९९१ पासून प्रचारांत आलेल्या सुमाट्रिप्टाननें असंख्य लोकांना अंधाऱ्या खोलींतून बाहेर काढलें, पण हृदयविकार असणाऱ्यांस तें चालत नाहीं. २०१८ पासून खास अर्धशिशीसाठींच शोधलेलीं, महिन्याकांठीं टोंचण्याचीं औषधें निघालीं. ज्या संशोधनांतून तीं आलीं त्याला २०२१ चें मेंदूविज्ञानाचें मोठें पारितोषिक मिळालें. त्यांचे उपद्रव खरोखरच थोडे: कोठें टोंचल्या जागीं दुखणें, कोठें बद्धकोष्ठ. परंतु किंमत ऐकून ज्याचें डोकें दुखत नाहीं त्याचेंही दुखूं लागेल, आणि आमच्या चाळीस वर्षांच्या दुखण्यापुढें या औषधांचा अनुभव अद्याप पोरसवदा आहे. उद्यां कँडेसार्टान थकलें तर त्यांचा विचार करूं. आम्ही वैद्य नव्हों. आमची गोळी कोणीं उसनी घेऊं नये. उसनी घ्यावीच असें कोणास वाटलें तर आमची वही घ्यावी.

त्या वहींत हल्लीं चार रकाने आहेत: दुखण्याचा, गोळीचा, औषधाच्या उपद्रवाचा, आणि चौथा गृहिणीच्या हस्ताक्षरांतला. त्यांत ती काय लिहिते तें आम्ही महिन्याच्या शेवटींच वाचतों. तसा करार आहे. गेल्या महिन्यांत एके ठिकाणीं नुसतें 'भूप, अर्धा तास' एवढेंच होतें. आज सकाळची हजेरी घेतली, डोकेदुखी गैरहजर. आतां आंतल्या खोलींत तंबोऱ्याची खुंटी पिळल्याचा आवाज येत आहे, तेव्हां लेखणी येथेंच ठेवतों.